मापाचा बोर्ड, नावाचा बोर्ड

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या दुकानात बोर्डांच्या रांगेपुढे उभं राहिलं की एक जुना प्रश्न समोर येतो. चॅनल आयलंड्स, लॉस्ट, फायरवायर अशा मोठ्या नावाच्या सहा फुटी बोर्डावर साधारण ८०० ते १,००० डॉलरची चिठ्ठी असते. त्याच गावातला एखादा शेपर, म्हणजे लाटेवर स्वार होण्याची ही फळी घडवणारा कारागीर, गिऱ्हाइकाचं वजन, उंची आणि सवयी विचारून मापाचा बोर्ड करून देतो आणि त्याचे साधारण ६५० ते ९०० डॉलर घेतो. यावरचा वाद ठरलेल्या दोन बाजूंनी चालतो. एक बाजू म्हणते, मोठ्या कंपन्या नुसत्या शिक्क्याचे पैसे घेतात. दुसरी म्हणते, शे-दीडशे डॉलर वाचवायला अनोळखी हातात कशाला जायचं? माझ्या मते दोन्ही बाजू चुकीचं टोक धरून ओढताहेत. मोठ्या कंपनीचा बोर्ड अवाच्या सवा महाग नाही. स्थानिक शेपरचा बोर्ड मात्र त्याला पडायला हवी त्यापेक्षा कमी किमतीत विकला जातो, आणि मधली तफावत कारागीर स्वतःच्या मजुरीतून भरून काढतो. हे एकदा ध्यानात आलं की कोणाकडून बोर्ड घ्यावा, याचं उत्तर चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी सापडतं.

किंमत समजायची तर बोर्ड घडतो कसा, हे आधी बघायला हवं. सुरुवात पॉलियुरेथेन फोमच्या पांढऱ्या ठोकळ्यापासून होते. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. त्याच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची पातळ पट्टी बसवलेली असते. शेपरच्या खोलीच्या भिंती गडद रंगाच्या असतात आणि ट्यूबलाइट छताऐवजी दोन्ही बाजूंना, बोर्डाच्या उंचीच्या आसपास लावलेल्या असतात. उजेड आडवा पडला की फोमवरचा बारीकसा उंचवटाही सावलीमुळे दिसतो. इथलं मुख्य हत्यार विजेवर चालणारा रंधा. ‘स्किल १००’ नावाच्या रंध्याचं उत्पादन कधीच थांबलं, तरी शेपर तो शोधून शोधून मिळवतात, कारण चालता चालता कापाची खोली त्यात हाताने कमीजास्त करता येते. रंध्यानंतर पॉलिश पेपर आणि जाळी. कडेचा गोलवा किती ठेवायचा, तळ कुठे खोलगट करायचा, शेपटीशी जाडी कशी उतरवायची, हे सगळं काही मिलिमीटरांत ठरतं आणि लाटेवर पायाखाली जाणवतं. शेवटी शेपर लाकडी पट्टीशेजारी पेन्सिलीने मापं आणि बऱ्याचदा गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. मग काम दुसऱ्या हातांत जातं. फायबरग्लासचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने ओढायचं, वाळलं की दुसरा थर, मग फिनच्या, म्हणजे तळाच्या पात्यांच्या, खोबणी, मग घासणी. उग्र वास आणि काचेची धूळ असलेलं हे काम कष्टाचं आहे आणि फुप्फुसांना घातकही आहे.

यातून पहिली महत्त्वाची गोष्ट दिसते. बोर्डाच्या किमतीत कच्च्या मालापेक्षा हातांचा वाटा मोठा आहे, आणि त्या हातांमध्येही फोम कोरणाऱ्यापेक्षा कापड-रेझिन चढवणाऱ्या आणि घासणाऱ्यांचं काम जास्त वेळ खातं. बरेच छोटे शेपर ते काम बाहेरच्या कारखान्यातून पैसे देऊन करून घेतात. मोठ्या कंपनीला ब्लँक आणि रेझिन घाऊक भावात मिळतं, हे खरं. पण दहा हजार बोर्ड केले म्हणून एका बोर्डाची घासणी कमी होत नाही. शिवाय दुकानाचा वाटा, वाहतूक, गोदाम, जाहिरात आणि नामवंत खेळाडूंचं मानधन हा खर्च कंपनीवर असतो. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या शेपरला यातलं फारसं काही लागत नाही. घाऊक खरेदीत कंपनी जे वाचवते ते बरंचसं या साखळीत खर्च होतं, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळ येतात. कंपनी लुटते, हा आरोप इथेच लंगडा पडतो. बोर्डावर दुकानदाराला सुटणारा नफा कपड्यांच्या मानाने किती तोकडा असतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता काळाची फूटपट्टी लावून बघू. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात नव्या फोमच्या बोर्डाला शंभर डॉलरच्या थोडे पुढेमागे पडत. तेव्हापासून अमेरिकेतली सर्वसाधारण महागाई सुमारे दहापट झाली आहे. म्हणजे त्या काळचा बोर्ड आजच्या पैशांत हजार डॉलरच्या घरात जातो, आणि आजचा बोर्ड त्याच किमतीला किंवा त्याहून स्वस्त मिळतो. साठ वर्षांत आकार लहान झाला, वजन घटलं, माल कमी लागू लागला, हे मान्य. पण कापड-रेझिन चढवणं आणि घासणं अजूनही माणसाच्या हातानेच होतं. दरम्यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची जागा, घरभाडी आणि दवाखान्याची बिलं महागाईच्या पुढे धावली. ज्या कामाला तेवढेच हात लागतात ते काम काळाबरोबर महाग व्हायला हवं. न्हाव्याचा आणि शिंप्याचा दर वाढतो तो याच कारणाने. बोर्ड तसा महाग झाला नाही. मग फरक कोणी सोसला? ज्याच्या हातात रंधा होता त्याने.

असं का झालं, याचं एक उत्तर एका कारखान्याच्या इतिहासात आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा लाकडाऐवजी फोमचे बोर्ड करण्याची पद्धत रुळवली. पुढे क्लार्कने स्वतंत्र कारखाना काढला, आणि लगुना निगेलच्या ‘क्लार्क फोम’ने अमेरिकेतला ब्लँकचा बहुतेक सगळा बाजार काबीज केला. ब्लँक स्वस्त, आकार हवे तितके, आणि कोणालाही विकत मिळणारे. त्यामुळे घरामागच्या गॅरेजमध्ये रंधा घेऊन बसणाऱ्या पोरालाही बोर्ड करता येऊ लागला. कला पसरली, नव्या कल्पनांना वाव मिळाला, हे या व्यवस्थेचं मोठं देणं. पण तिची दुसरी बाजू अशी, की पोटापाण्यासाठी बोर्ड घडवणाऱ्याची स्पर्धा कायम हौसेपोटी घडवणाऱ्याशी राहिली. संध्याकाळी दोन बोर्ड करून मित्रांना साहित्याच्या किमतीत देणारा माणूस बाजारात असेल, तर पूर्णवेळ कारागिराला आपला दर वाढवता येत नाही. प्रेमाने केलेलं काम स्वस्तात मागायची सवय समाजाला फार लवकर लागते.

मग ५ डिसेंबर २००५, सोमवार. क्लार्कने गिऱ्हाइकांना फॅक्सने लांबलचक पत्र पाठवून कारखाना त्याच दिवसापासून बंद केल्याचं कळवलं. फोमसाठी लागणारं घातक रसायन, पर्यावरण आणि सुरक्षेच्या नियमांचा दबाव, खटल्यांची भीती अशी कारणं पत्रात होती. शेपरांना ब्लँक मिळेना, जुन्या बोर्डांचे भावसुद्धा चढले. काही महिन्यांत नवे पुरवठादार उभे राहिले, पण तेवढ्यात आशियातल्या कारखान्यांना दार उघडलं होतं. सांताक्रूझच्या रँडी फ्रेंचची ‘सर्फटेक’ कंपनी आधीपासूनच थायलंडमधल्या चोनबुरीच्या ‘कोब्रा’ कारखान्यात साच्यातले इपॉक्सी रेझिनचे बोर्ड करून घेत होती. १९७८ साली स्थापन झालेला हा कारखाना शिडाच्या बोर्डांसाठी नावाजलेला. नामवंत शेपरांचे आकार परवान्यावर घ्यायचे, त्यांना प्रत्येक बोर्डामागे हिस्सा द्यायचा, अशी ही पद्धत. ज्याने आयुष्यभर धूळ खाल्ली त्याला रंधा न उचलता पैसे मिळण्याची ती एक सोय होती, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर तिला नुसती नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

मग मोठी नावं नेमकं काय विकतात? माझ्या मते ती खात्री विकतात. एखादं मॉडेल सिडनीत घ्या की सॅन डिएगोत, त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि लिटरमधलं घनफळ तेच असतं. मित्राचा बोर्ड चालवून बघितला आणि आवडला तर तसाच दुसरा मिळतो. मोडला तर परत तोच मिळतो. विकायला काढला तर नाव बघून गिऱ्हाईक लवकर येतं. या शेवटच्या मुद्द्याचा हिशेब फार कमी जण मांडतात. समजा, कंपनीचा बोर्ड ९०० डॉलरला घेतला आणि वर्षाने ४५० ला विकला. स्थानिक शेपरचा ७५० ला घेतला आणि ३०० ला विकला. वर्षभर वापरल्याचा खर्च दोन्हीकडे ४५० डॉलरच. दर वर्षी बोर्ड बदलणाऱ्याला स्थानिक बोर्डाने काहीच वाचवलं नाही. पण तोच बोर्ड चार वर्षं ठेवणाऱ्याचा हिशेब पार बदलतो, कारण तेवढा जुना बोर्ड कोणाचाही असो, विकून फारसं हाती येत नाही. नावाला किंमत असते ती विकणाऱ्याच्या दृष्टीने. वापरणाऱ्याच्या दृष्टीने किंमत असते मापाला.

इथे पहिला आक्षेप येतो: संशोधन तर मोठ्या कंपन्याच करतात ना? जगातले उत्तम सर्फर त्यांच्या बोर्डांवर असतात आणि तिथली सुधारणा खाली झिरपते. यात तथ्य आहे. अल मेरिकने १९६९ साली सांता बार्बरात ‘चॅनल आयलंड्स’ सुरू केली, आणि केली स्लेटरने आपली बहुतेक विश्वविजेतेपदं मेरिकच्या बोर्डांवर मिळवली. त्या दोघांनी मिळून लहान, अरुंद, वळणदार बोर्डाची दिशा ठरवली. पण हे काम झालं ते एका शेपरने एका सर्फरला वर्षानुवर्षं पाण्यात बघत राहिल्यामुळे. ती कंपनी त्या अर्थाने स्थानिक शेपरचंच दुकान होती; २००६ साली ती बर्टन कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये मेरिक कुटुंबाने भागीदारांसह परत घेतली. याहून मोठं उदाहरण सायमन अँडरसनचं. या ऑस्ट्रेलियन शेपरने १९८० साली तीन सारख्या फिनांचा ‘थ्रस्टर’ घडवला आणि १९८१ मध्ये त्यावर बेल्स बीच आणि हवाईची पाइपलाइन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याने पेटंट घेतलं नाही. आज जगातल्या बहुतेक छोट्या बोर्डांखाली तीन फिन दिसतात आणि त्यातल्या एकाचाही मोबदला त्याला जात नाही. या धंद्यातलं सगळ्यांत मोलाचं संशोधन एका कारागिराने केलं आणि सगळ्यांना वापरू दिलं. ज्या विहिरीतून सगळे पाणी भरतात ती कोणी खणली, हे किमतीच्या वादात विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारखान्यातले इपॉक्सीचे बोर्ड जास्त टिकतात. साध्या पॉलियुरेथेन बोर्डाला टाचांच्या दाबाने पहिल्याच आठवड्यात खळगे पडतात. हे खरं आहे, आणि निर्वात दाबाने थर चिकटवण्याची पद्धत फार थोडी लहान वर्कशॉप वापरतात, हेही खरं. ज्याला महिन्यातून दोनदाच पाण्यात जाता येतं, विमानाने बोर्ड न्यावा लागतो, डागडुजीची सोय नाही, त्याने टिकाऊ कारखानी बोर्ड घ्यावा, यात मला काही वावगं दिसत नाही. पण टिकाऊपणाचा अर्थ नीट लावायला हवा. अशा, हलक्या पॉलिस्टायरिन गाभ्याच्या बोर्डाला भेग गेली आणि ती लवकर बुजवली नाही तर आत पाणी मुरतं. भरीस भर, त्यावर चुकून साधं पॉलिएस्टर रेझिन लावलं तर ते फोमच विरघळवतं. साधा बोर्ड जखमी लवकर होतो, पण बराही लवकर होतो, आणि त्याला बरा करणारा माणूस गावातच असतो. बोर्डाचं आयुष्य मोजताना त्या माणसाचं असणंही हिशेबात धरायला हवं.

तिसरा आक्षेप स्थानिक शेपरांच्या भक्तांना टोचेल, पण तो मला मान्य आहे. ‘हाताने घडवलेला’ आणि ‘मशीनवर काढलेला’ ही विभागणी आता खरी राहिलेली नाही. कित्येक स्थानिक शेपर संगणकावर आकार काढतात, मशीन ब्लँक कापून देतं आणि शेवटची घासणी तेवढी ते हाताने करतात. उलट, थायलंडच्या कारखान्यात घासणी आणि रंगकाम करणारे हात कुशलच असतात. फक्त त्यांची नावं बोर्डावर नसतात. म्हणून ‘हाताचा’ म्हणून जास्त पैसे द्या, असा युक्तिवाद मी करणार नाही. स्थानिक शेपरकडून जे मिळतं ते हाताच्या स्पर्शाहून मोठं आहे: आपल्या किनाऱ्याची जाण. गावातल्या लाटेचा चढ किती, ओहोटीला ती कुठे मऊ पडते, हिवाळ्यात वारा कुठून येतो, हे त्याला पाठ असतं, कारण तो तिथेच पाण्यात उतरतो. शेपर वेळ पाळत नाहीत, पहिला बोर्ड फसतो, ही तक्रारही खोटी नाही. पण शिंप्याकडे शिवलेला पहिला सदरा जसा क्वचितच अंगासरसा बसतो, तसंच इथे आहे. पहिल्या बोर्डाने ओळख होते, दुसऱ्याने माप जुळतं. एकच बोर्ड घेऊन निकाल देणाऱ्याने ही पद्धत वापरलेलीच नसते.

पैसा जातो कुठे, हे बघितलं की चित्र पुरतं उमटतं. ‘रिप कर्ल’ १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्के गावी बोर्ड बनवणारी जोडगोळी म्हणून सुरू झाली. लवकरच ती वेटसूट आणि कपड्यांकडे वळली आणि २०१९ मध्ये ३५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली. कपड्यांवरच वाढलेल्या ‘क्विकसिल्व्हर’ने २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही कपड्यांच्या धंद्यात झालं. बोर्ड हे या सगळ्या व्यापाराचं देव्हाऱ्यातलं निशाण. नैवेद्य मात्र टी-शर्टांचा. सॅन क्लेमेंटेतल्या लॉस मोलिनोस रस्त्यावर, किंवा ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवर करंबिनच्या औद्योगिक गाळ्यांत, शेपर, कापड-रेझिनवाले आणि डागडुजीवाले एकमेकांना लागून बसतात. शेपरला दिलेला डॉलर या गल्लीत दोन-तीनदा फिरतो. ती गल्ली गेली तर उद्याचा सायमन अँडरसन कुठे शिकणार?

सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे तो कॉस्टकोच्या दुकानांत वर्षानुवर्षं शंभर डॉलरला मिळालेला ‘वेव्हस्टॉर्म’, आठ फुटी मऊ फोमचा बोर्ड. त्याच्यामुळे शेपर बुडाले, असं म्हणतात. मला ते पटत नाही. शिकाऊ माणूस शेपरचं गिऱ्हाईक कधी नव्हताच, आणि मऊ बोर्डाने त्याच्या डोक्याला खोक पडत नाही. मात्र त्या चिठ्ठीने एक नुकसान नक्की केलं: बोर्ड म्हणजे शंभर डॉलर, हे लोकांच्या मनात बसलं, आणि पुढची पायरी चढताना ८०० हा आकडा त्यांना लबाडीचा वाटू लागला.

हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. मुल्की, महाबलीपुरम आणि गोव्याचे किनारे इथे सर्फिंग रुजलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. पण देशात शेपर फार थोडे, त्यामुळे बहुतेक बोर्ड बाहेरून येतात आणि लांबलचक सामानाची वाहतूक व कर मिळून किंमत फुगते. त्यातही ते घडलेले असतात कॅलिफोर्नियाच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या जोरकस लाटांसाठी. पावसाळा सोडला तर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाट लहान आणि मऊ. तिला लांब, भरदार बोर्ड लागतो. दुसरीकडे, याच किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आहेत. कापड अंथरणं, रेझिन ओढणं, थर घासणं ही कामं त्यांच्या रोजच्या हातातली. फोम कोरण्याची कला त्यांना शिकायची आहे. बाकी निम्मी वाट ते चालून आलेले आहेत.

तर निकाल असा. शिकत असाल तर मऊ फोमचा बोर्ड घ्या. सतत प्रवास असेल, किंवा दर वर्षी बोर्ड विकून नवा घेत असाल, तर मोठ्या नावाचा घ्या. त्यात फसवणूक नाही. पण एका किनाऱ्यावर तुमचं मन आणि पाय स्थिरावले असतील आणि तिथे शेपर असेल, तर बोर्ड त्याच्याकडूनच करून घ्या, निदान दोन तरी. तो स्वस्त आहे म्हणून जाऊ नका. कंपनीच्या बोर्डाएवढे पैसे त्याने मागितले तर घासाघीस न करता द्या, कारण ते त्याचे हक्काचे आहेत आणि इतकी वर्षं त्याने ते मागितलेले नाहीत.